लिंग, वचन आणि प्रकृती

मराठी व्याकरणात लिंगे तीन, हिंदीत दोन, आणि छत्तीसगढीच्या क्रियापदाला लिंगाची मुळी क्षितीच नाही. ‘ओ हर आइस’ या छत्तीसगढी वाक्यात आलेले माणूस पुरुष आहे की स्त्री, हे ते वाक्य सांगत नाही. सांगण्याची त्याला गरजही भासत नाही. तेच वाक्य हिंदीत न्यावयाचे झाले की बोलणाऱ्याला ‘आया’ आणि ‘आई’ यांतून एकाची निवड करणे भाग पडते. मराठीत या निवडीला तीन वाटा आहेत: ‘आला’, ‘आली’ आणि ‘आले’. रायपूर हे या तिन्ही भाषांचा रोजचा सहवास असलेले नगर आहे. बाजारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखाशी संबंध आलेल्या कुटुंबांच्या घरांत मराठी, असा हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३५ ची आहे. भाषा अशा एकमेकींच्या शेजारी नांदू लागल्या म्हणजे एकीत सहज बोलता येणारी गोष्ट दुसरीत बोलताना का अडखळते, हा प्रश्न अभ्यासकाला पडतोच. परंतु ज्यांचे सारे आयुष्य या अडखळण्यात जाते, अशा माणसांच्या बाबतीत तो केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. तो त्यांच्या प्रकृतीचा, प्रसंगी जगण्यामरण्याचा होतो.

रुग्णालयाच्या खिडकीवर जो केसपेपर भरला जातो, त्याची भाषा बाजाराची नसते, कचेरीची असते. नाव, वय आणि लिंग हे त्यातील पहिले तीन रकाने. बहुसंख्य रुग्णांना हे रकाने भरले गेल्याचे भानही राहत नाही, इतके ते निमिषात भरले जातात. तृतीयपंथी व्यक्तीची खरी परीक्षा मात्र येथेच सुरू होते. कोणत्याही एका व्यक्तीचे नाव न घेता, देशातील कोणत्याही शहरात घडू शकेल असे एक उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. तिच्या ओळखपत्रावर वडिलांनी ठेवलेले पुरुषी नाव आहे, अंगावर साडी आहे आणि दोन दिवसांपासून पोटात असह्य कळा येत आहेत. खिडकीमागचा कारकून ते नाव मोठ्याने पुकारतो. रांगेतील माणसे वळून पाहतात. कोणी हसते, कोणी आपल्या मुलाला जवळ ओढून घेते. पुढे दाखल करून घेण्याचा प्रश्न आला की खाट पुरुषांच्या कक्षात द्यावी की स्त्रियांच्या, यावर परिचारिका आणि वॉर्डबॉय यांच्यात खल होतो. डॉक्टर तपासतात, पण पोटाविषयी दोन प्रश्न विचारले तर देहाविषयी चार विचारतात. त्या चारांपैकी एकाचाही दुखण्याशी संबंध नसतो. औषधाची चिठ्ठी हाती पडते आणि ती व्यक्ती बाहेर पडते, ती पुन्हा त्या पायऱ्या चढावयाच्या नाहीत असे ठरवूनच.

येथे कोणी उपचार नाकारलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तक्रार करावी म्हटले तर कोणाविरुद्ध, आणि कोणत्या कृत्याबद्दल? तथापि पुढच्या खेपेला ती व्यक्ती रुग्णालयात येत नाही, ओळखीच्या औषधविक्रेत्याकडे जाते. त्याच्या पुढच्या खेपेला तेथेही जात नाही, दुखणे अंगावर काढते. आठवड्यात बरा झाला असता असा मूत्रमार्गाचा विकार मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. सहा महिन्यांच्या औषधांनी आटोक्यात येणारा क्षय मधेच उपचार सुटल्यामुळे औषधांना दाद देईनासा होतो. मृत्यूच्या दाखल्यावर शेवटी रोगाचे नाव लिहिले जाते. त्या रोगाला इतका अवधी कोणी दिला, हे मात्र कोणत्याही दाखल्यावर लिहिले जात नाही.

ज्या उपचारांची या समाजाला विशेष गरज असते, त्यांचीही तीच कथा आहे. देहात इष्ट बदल घडावेत म्हणून संप्रेरके घ्यावयाची, तर ती रक्ततपासणी करून आणि वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात. ती देखरेख दुर्मीळ असल्यामुळे कित्येक जणी एकमेकींच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटेच्या पाकिटे गिळतात आणि रक्ताच्या गाठी होण्याचा धोका नकळत ओढवून घेतात. हिजडा परंपरेत ज्याला ‘निर्वाण’ म्हणतात तो लिंगच्छेद पूर्वापार दाईच्या हातून, भूल न देता होत आला; त्यात किती जीव गेले याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. याच्या उलट बाजूला जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेला आणि पुरुष म्हणून जगणारा माणूस असतो. त्याच्या देहात गर्भाशय असू शकते, त्या गर्भाशयाला कर्करोगही होऊ शकतो. परंतु स्त्रीरोगविभागाबाहेरच्या बाकावर दाढी राखलेला मनुष्य बसलेला पाहून भोवतीच्या स्त्रिया बिचकतात, आणि तोही मग बसत नाही. समलिंगी स्त्रीपुरुषांचा देह खिडकीवर प्रश्न निर्माण करीत नाही, म्हणून त्यांची अडचण कमी असेल असे मात्र समजू नये. त्यांच्याबाबतीत केसपेपर बिनचूक भरला जातो, पण डॉक्टरांपुढे खरी हकीकतच सांगितली जात नाही. लग्नाच्या सक्तीने झोप उडालेल्या मुलीला झोपेची गोळी मिळते. झोप कशाने उडाली, हे विचारणारे कोणी नसते, आणि विचारलेच तर सांगण्याचे धैर्य तिच्यात नसते.

या विषमतेचे मोजमाप ज्या एका आजारापुरते नियमितपणे झाले आहे, त्याचे आकडे बोलके आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत हिजडा आणि पारलिंगी व्यक्तींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.१४ टक्के, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते २.६९ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातील सर्वसाधारण प्रौढांमध्ये हे प्रमाण ०.२२ टक्के असल्याचा अंदाज होता. एका समाजात रोग चौदा पटींनी अधिक असावा, याचे कारण त्याच्या रक्तात शोधणे व्यर्थ आहे. विषाणूला लिंगभेद कळत नाही. ज्याला घरातून काढले, शाळेतून काढले, कामावर ठेवले नाही आणि देहाच्या विक्रयावाचून ज्याला वाट उरली नाही, त्याच्यापर्यंत विषाणू लवकर पोहोचतो आणि औषध उशिरा, एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे. या आकड्यांनी एक वेगळा अनर्थही घडविला. शासनाच्या आरोग्ययंत्रणेला या लोकांची ओळख जी पटली, ती याच एका रोगाचा ‘लक्ष्यगट’ म्हणून. २०१७ च्या रक्तदानविषयक मार्गदर्शक सूचनांनी तर पारलिंगी व्यक्ती आणि समलिंगी पुरुष यांना, त्यांची तपासणी निर्दोष आली तरीही, रक्तदानापासून कायमचे दूर ठेवले. डोकेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू, वार्धक्य हे सारे यांच्याही वाट्याला येते. पण त्यांचा विचार करण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही.

मराठीत तब्येतीला ‘प्रकृती’ म्हणतात, आणि निसर्गालाही. वैयाकरण शब्दाच्या मूळ रूपाला, ज्याला प्रत्यय लागतात त्या अंशाला, हेच नाव देतात. या तिन्ही अर्थांची गाठ ज्या ठिकाणी पडली ते ठिकाण म्हणजे १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम. निसर्गक्रमाविरुद्ध होणारा शरीरसंबंध हा गुन्हा, असे त्या कलमाने ठरविले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तृतीयपंथीयांची पोलिसांकडे नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. माणसाच्या मूळ प्रकृतीलाच कायद्याने विकृती म्हटल्यावर त्याची प्रकृती बिघडल्यास ती दाखवावयाची कोणाला? २००१ साली दिल्ली उच्च न्यायालयात या कलमाला आव्हान देणारी नाझ फाउंडेशन ही संस्था मुळात एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणारी होती, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने लोक लपून राहतात आणि लपलेल्यांपर्यंत औषध पोहोचत नाही, हा तिच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्या न्यायालयाने २००९ मध्ये तो मान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरविला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीने होणारा समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही.

या बाबतीत मराठी वाचकाला आपल्याच परंपरेतील एका घटनेचे स्मरण व्हावयास हवे. र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक बाबींविषयीच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे हे त्याचे निमित्त होते, आणि त्या प्रश्नांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. परंतु रुग्णाने विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले शास्त्रीय उत्तर यांत अश्लील काही नसते, ही भूमिका मराठी भूमीत तेव्हाच मांडली गेली. रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ज्या रुग्णालयाला शहरातील लोक ‘मेकाहारा’ म्हणून ओळखतात, ते आज आंबेडकरांच्याच नावाने चालते. नाव देणाऱ्यांच्या मनात हा खटला असण्याचे कारण नाही. तरीही देशात जेथे जेथे हे नाव रुग्णालयाच्या दर्शनी भागावर आहे, तेथे संकोच न बाळगता प्रश्न विचारण्याचा रुग्णाचा अधिकारही त्या नावात अनुस्यूत आहे, असे मानण्यास हरकत नसावी.

वैद्यकशास्त्राने स्वतःची चूक सुधारण्यास मात्र बराच काळ घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून १९९० मध्ये वगळले. पारलिंगी असणे हा मनोविकार नव्हे, हे मान्य करणारी यादी २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात या विषयाकडे लक्ष वेधल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पाठ्यपुस्तकांतील अपमानकारक मजकूर दूर करण्याच्या सूचना दिल्या, आणि समलिंगी व्यक्तीला ‘सरळ’ करण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. एवढे झाल्यावर २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्रियांच्या समलैंगिकतेची गणना पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत झाली. गदारोळ उठताच सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घेण्यात आला, ही गोष्ट खरी. पण जुनी वाक्ये किती सहजतेने परत येतात, हे त्या निमित्ताने दिसून आले. आज रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या ती जुनी वाक्येच पाठ करून उत्तीर्ण झालेल्या आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात द्वेष नाही. त्यांना जे शिकविले तेच त्यांच्या नजरेतून व्यक्त होते.

‘वचन’ या शब्दालाही मराठीत दोन अर्थ आहेत. एक व्याकरणाचे, एक दिलेल्या शब्दाचे. दुसऱ्या अर्थाने पाहता गेल्या काही वर्षांत वचनांची उणीव राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला आणि रुग्णालयांत योग्य उपचारांची व्यवस्था करण्याचा आदेश सरकारांना दिला. २०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने संप्रेरकोपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन, विमा आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचे पुनरावलोकन यांचे आश्वासन दिले. त्या कलमातही पहिला मान एचआयव्ही तपासणी केंद्रांनाच मिळाला, हे मात्र नजरेआड करता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पारलिंगी व्यक्तींना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे विमाकवच देण्याचा करार केंद्र सरकारने केला. रायपुरात विद्या राजपूत यांच्यासारख्या कार्यकर्त्या आणि त्यांची ‘मितवा’ ही संस्था ही वचने कागदावरून माणसांपर्यंत आणण्यासाठी झटत आल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढमध्ये ‘इतर’ या लिंगाखाली ६,५९१ जणांची नोंद झाली होती. ज्यांनी भीतीपोटी वा घरच्यांच्या आग्रहावरून दुसरा रकाना भरला, त्यांची गणती अर्थातच यात नाही.

याच राज्याने वचन पाळल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती लहान नव्हेत. न्यायालयाच्या निकालाला वर्षही झाले नव्हते तोच, जानेवारी २०१५ मध्ये, रायगढच्या मतदारांनी मधु किन्नर यांना महापौरपदी निवडून दिले. १ मार्च २०२१ रोजी छत्तीसगढ पोलीस दलाच्या भरतीचा निकाल लागला, त्यात तेरा पारलिंगी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले. त्यांपैकी आठ जण रायपूर जिल्ह्यातील होते. पुढच्या वर्षी ‘बस्तर फायटर्स’ या दलात आणखी नऊ जणांची निवड झाली. पोलीसभरतीत देहाची कसून परीक्षा होते: धावणे, उडी, उंची, वजन. ज्या देहाची शासनाने एकेकाळी गुन्हेगार म्हणून नोंद ठेवली, तोच देह शासनाने येथे मोजला, पारखला आणि निकोप ठरविला. या लोकांच्या प्रकृतीत मुळातच काही न्यून आहे, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते असू शकेल? न्यून प्रकृतीत नव्हते. संधी मिळताच ते नाहीसे झाले.

मग समाजाला हा देह अपरिचित होता काय? तसेही म्हणता येत नाही. छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यात रात्ररात्र प्रेक्षकांना खिळवून ठेवणारी ‘परी’ पुरुषच असतो. रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी याच नाचाच्या कलावंतांना जगाच्या रंगभूमीवर नेले. मराठीतही बालगंधर्वांच्या शालूची नक्कल कुलीन स्त्रिया करीत. पण त्याच मराठीत तमाशातील ‘नाच्या’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, आणि नाच्याची भूमिका घेणाऱ्या पहिलवानाची त्यापायी होणारी विटंबना आनंद यादवांनी १९८० मध्ये ‘नटरंग’ कादंबरीत दाखविली. रंगमंचावर जे रूप डोळे भरून पाहावयाचे, तेच बाकावर शेजारी येऊन बसले की अंग चोरावयाचे, असा हा दुहेरी न्याय आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन मराठीत २०१२ साली प्रसिद्ध झाले, पुढे दिशा पिंकी शेख यांची कविता आली, तेव्हा ज्यांच्याविषयी आजवर बोलले गेले ती माणसे स्वतःविषयी बोलू लागली. साहित्यातील हा बदल लक्षणीय आहे. परंतु वाचकाने पुस्तक वाचून डोळे पुसणे वेगळे आणि त्याच वाचकाने दवाखान्याच्या रांगेत शेजारी जागा करून देणे वेगळे.

रुग्णाजवळ बसणार कोण, हाही प्रश्न तितकाच बिकट आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागते. ज्याला बापाने घराबाहेर काढले त्याच्या जीवावरील निर्णयात त्या बापाचा शब्द चालतो. ज्या गुरूने वीस वर्षे सांभाळले तिला कक्षाबाहेर बसावे लागते. समलिंगी सोबत्याचीही अवस्था तीच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य विभागाने, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास सोबत्याला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे राज्यांना कळविले. हेही थोडके नव्हे. पण ज्या नात्याला मृतदेह उचलण्याचा हक्क मिळतो, त्याला आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा हक्क आधी मिळावयास हवा, हे कोणाच्याही सहज ध्यानात येईल.

रक्तापलीकडचे नाते छत्तीसगढला नवे नाही. येथे ‘मितान’ जोडण्याची जुनी रीत आहे. भिन्न जातींची, भिन्न घरांची दोन माणसे विधिपूर्वक सख्य बांधतात आणि ते आयुष्यभर, सुखदुःखाच्या प्रसंगी, सख्ख्या नात्यासारखे पाळतात. याच रीतीवरून राज्याने २००२ साली सुरू केलेल्या आरोग्ययोजनेतील गावोगावच्या कार्यकर्तीला ‘मितानिन’ हे नाव मिळाले. देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्या तिच्यामागून आल्या. मितानिन कोणाच्या दारी जाते तेव्हा केसपेपर हाती घेऊन जात नाही. ती जे बोलते ते छत्तीसगढीत बोलते, आणि त्या भाषेतील क्रियापद तिला समोरच्याचे लिंग विचारत नाही. दुखते कोठे, कधीपासून दुखते, एवढेच तिला विचारावयाचे असते. रुग्णालयाच्या खिडकीला जे अवघड जाते, ते या बाईला तिच्या भाषेने अगोदरच सोपे करून ठेवले आहे.

मराठीला अशी सवलत नाही; तिला लिंग सांगावेच लागते. तथापि तिच्यातही एक वाट आहे. ‘ते आले’ हे वाक्य नपुंसकलिंगी एकवचनाचे होऊ शकते, आणि आदरार्थी बहुवचनाचेही. जुन्या लेखनपद्धतीत पहिल्यावर अनुस्वार देऊन दोहोंतील भेद दाखवीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार काढून टाकला, आणि कागदावर दोन्ही वाक्ये एक झाली. एका वाक्यात वस्तू येते, दुसऱ्यात आदरणीय माणूस येतो. कोणते वाक्य उच्चारले गेले हे आता केवळ बोलणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. कायद्याने दिलेल्या वचनांचेही तसेच आहे. निकाल, कलमे आणि विम्याची कार्डे यांचे काम पुष्कळसे झाले आहे. उरले आहे ते खिडकीमागच्या कारकुनाचे, परिचारिकेचे आणि नवशिक्या डॉक्टराचे काम. ‘आपल्याला कोणत्या नावाने हाक मारू?’ असे त्यांनी हलक्या आवाजात विचारले, तर त्याला खर्च काही येत नाही, आणि दोन दिवसांपासून पोट धरून बसलेले माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या पायऱ्या चढून येण्याची शक्यता निर्माण होते.